चेहऱ्यात बसवलेल्या इम्प्लांटला इन्फेक्शन झाल्याची शंका आली तर काय करावं

हनुवटी, गाल, नाक किंवा जबड्याच्या कोपऱ्यात इम्प्लांट (आकार देण्यासाठी त्वचेखाली ठेवलेला कृत्रिम तुकडा) बसवल्यावर आरशासमोरचे पहिले दोन-तीन आठवडे कठीणच जातात. चेहरा सुजलेला, एक बाजू दुसरीपेक्षा मोठी, ओठ बधिर, हसू वाकडं. यातलं बहुतेक सगळं ठरल्याप्रमाणे चाललेलं असतं, आणि नेमकं त्याच गर्दीत इन्फेक्शन लपून बसू शकतं. म्हणून ‘सूज आहे, हे इन्फेक्शन तर नसेल?’ असं स्वतःला विचारून फारसं काही हाती लागत नाही. सूज सगळ्यांनाच असते. विचारायचं ते हे, की कालच्यापेक्षा आज कमी आहे की जास्त? शस्त्रक्रियेची जखम रोज थोडी थोडी निवळत जाते. निवळत आलेली जखम पुन्हा मागे फिरली, तर तिची दखल त्याच दिवशी घ्यायची.

बरा होत असलेला चेहरा

सूज सर्वांत जास्त असते ती ४८ ते ७२ तासांच्या सुमारास. त्यानंतर ती उतरू लागते. दोन-तीन आठवड्यांत बरीचशी जाते आणि उरलेली काही महिने रेंगाळते. सकाळी उठल्यावर चेहरा जास्त सुजलेला आणि संध्याकाळी हलका वाटणं हे रोजचंच, कारण रात्रभर आडवं पडल्यावर पाणी चेहऱ्याकडे साचतं. काळंनिळं पडलेलं हिरवट-पिवळं होत मानेकडे, कधीकधी छातीकडेही उतरतं. दिसायला भयानक असलं तरी तो नुसता रक्ताचा निचरा असतो. हनुवटीच्या इम्प्लांटनंतर खालचा ओठ आणि हनुवटी, तर गालाच्या इम्प्लांटनंतर वरचा ओठ आणि पुढच्या दातांची हिरडी काही आठवडे बधिर राहू शकते. संवेदना परत येताना मुंग्या येतात, मध्येच टोचल्यासारखं होतं. पहिले एक-दोन दिवस अंग किंचित गरम लागतं. टाके तोंडाच्या आतून असतील तर सुरुवातीला लाळेत रक्ताची झाक दिसते.

एक गोष्ट मात्र हमखास घाबरवते. सूज कमी राहावी म्हणून अनेक सर्जन शस्त्रक्रियेच्या वेळी डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड देतात. त्याचा असर उतरला की तिसऱ्या दिवसाच्या आसपास सूज थोडी वर येते. दोन्ही बाजूंना सारखी, फारसं न ठणकणारी आणि एक-दोन दिवसांत पुन्हा उतरणारी असेल, तर ती बहुधा तीच. तरी फोनवर विचारून घ्यायला कुणाची हरकत नसते.

इन्फेक्शनसारखं दिसणारं, पण वेगळं

पहिल्या २४ ते ४८ तासांत एकाच बाजूला भराभर वाढणारी, दगडासारखी टणक, ताणून दुखणारी सूज आली, तर ती आत साचलेल्या रक्ताची असण्याची शक्यता जास्त. इन्फेक्शनला इतक्या लवकर असं रूप यायला सहसा वेळ मिळत नाही. पण म्हणून ही वाट बघण्यासारखी गोष्ट नव्हे. साचलेलं रक्त त्वचेवर दाब देतं आणि जंतूंना आयतं खाद्य पुरवतं, त्यामुळे सर्जनला त्याच तासाला कळवायचं.

त्यापेक्षा सौम्य प्रकार म्हणजे पाणी साचणं. काही दिवसांनी एखादी जागा मऊ, डुचमळणारी लागते, पण लाल नसते, गरम नसते, दुखतही नाही. हे सर्जन सुईने काढून टाकू शकतात. आपण दाबून बघायचं नाही.

तिसरा प्रकार टाक्याच्या जागी उठलेल्या पुटकुळीचा. टाक्याच्या धाग्याभोवती एकच छोटी पिवळट पुळी दिसते आणि आजूबाजूची त्वचा स्वच्छ असते. बहुतेक वेळा तो धागा काढला की विषय संपतो. फक्त तो धागा घरी चिमट्याने उपटायचा नाही, कारण वरून पुळी दिसणारी जागा आत इम्प्लांटच्या खोबणीपर्यंत, म्हणजे ते ज्या पोकळीत बसवलंय तिथपर्यंत, गेलेली आहे का, हे डोळ्यांनी कळत नाही.

खऱ्या शंकेच्या खुणा

पहिल्या आठवड्याच्या शेवटी किंवा पुढच्या काही आठवड्यांत, उतरत आलेली सूज पुन्हा चढते, तीही बहुधा एकाच बाजूला. दुखण्याची जात बदलते. आधीचा ताण, जडपणा जाऊन ठणका सुरू होतो, आणि जी गोळी कालपर्यंत पुरत होती ती आज पुरत नाही. त्वचा लाल आणि हाताला गरम लागते. लाली पसरत जाते. तोंडात टाके असतील तर खारट, घाण चव येत राहते, चूळ भरली तरी जात नाही. तोंड उघडायला कालच्यापेक्षा जास्त त्रास होतो. टाक्यातून पिवळट किंवा गढूळ स्राव येतो. कणकण, हुडहुडी, ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप.

ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. चेहऱ्यातलं इम्प्लांट लहान असतं, त्याच्याभोवतीचं इन्फेक्शनही बराच काळ त्या जागेपुरतंच राहू शकतं. शिवाय पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही ताप उतरवतात. दर सहा तासांनी गोळी घेणाऱ्याला ताप दिसणार कधी?

नाकाच्या इम्प्लांटची एक खूण वेगळी सांगायला हवी. शेंड्यावरची किंवा दांड्यावरची त्वचा पातळ, चकचकीत, लालसर होत जाणं हे इम्प्लांट बाहेर येऊ पाहत असल्याचं लक्षण असू शकतं. त्वचा फाटण्याआधी सर्जनपर्यंत पोचलात तर हातात बरेच पर्याय असतात. फाटल्यावर ते भराभर कमी होतात.

इम्प्लांट असलं की घाई का करायची

साध्या जखमेत जंतू शिरले तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांच्यापर्यंत पोचतात, औषधही पोचतं. इम्प्लांटला रक्तपुरवठाच नसतो. जंतू त्याच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. पाण्याच्या टाकीच्या आतल्या भिंतीला लागलेला बुळबुळीत थर नुसतं पाणी ओतून निघत नाही, तसं अँटिबायोटिक या थराच्या वरून निघून जातं. मोकळे फिरणारे जंतू मरतात, थरातले उरतात. म्हणून एक ओळखीचा क्रम दिसतो: गोळ्या सुरू असेपर्यंत सूज उतरते, कोर्स संपला की काही दिवसांत परत येते. हा क्रम दिसला की नवा कोर्स मागण्याआधी इम्प्लांटचं काय करायचं याची चर्चा सर्जनशी सुरू करा.

इम्प्लांट कशाचं आहे यानेही फरक पडतो. घन सिलिकॉन गुळगुळीत असतं आणि शरीर त्याच्याभोवती एक पिशवी बनवतं, त्यामुळे ते सहज सरकून बाहेर काढता येतं. सच्छिद्र पॉलिथिलीन या प्लास्टिकच्या छिद्रांतून शरीराची ऊती आत वाढते. ती नीट रुजली तर चांगलंच, पण रुजण्याआधी जंतू शिरले तर लपायला जागा जास्त, आणि पुढे काढायचं ठरलं तर कामही कष्टाचं. शस्त्रक्रिया तोंडातून झाली की हनुवटीखालच्या छेदातून, हेही सर्जनच्या मनात असतं, कारण तोंडात जंतू कायमच वस्तीला असतात. आपल्या इम्प्लांटचा प्रकार, कंपनी, आकार आणि लॉट क्रमांक असलेलं स्टिकर किंवा कार्ड मिळालं नसेल तर आजच मागून घ्या.

शंका आल्यावर पहिला तास

आधी थर्मामीटर, मग गोळी. वेदनाशामक घेण्याची वेळ झालेली असली तरी ताप मोजून, आकडा आणि वेळ लिहून मगच ती घ्या.

मग फोटो. समोरून, दोन्ही बाजूंनी, हनुवटीखालून. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, फोन दर वेळी तेवढ्याच अंतरावर धरून. शस्त्रक्रियेनंतर रोज एक फोटो काढायची सवय पहिल्या दिवसापासून ठेवलीत तर अशा वेळी तोच सगळ्यांत मोठा पुरावा ठरतो. आरशात रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, पाच दिवसांचे फोटो शेजारी ठेवले की लगेच कळतो.

लाली दिसत असेल तर तिच्या कडेने बॉलपेनने हलकी रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. चेहऱ्यावर रेघ ओढायला संकोच वाटतो, पण चार तासांनी लाली रेघेच्या बाहेर गेली असेल तर ‘वाढतंय असं वाटतंय’ म्हणायची वेळ येत नाही. सावळ्या किंवा गडद त्वचेवर लाली नीट दिसत नाही. तिथे जांभळट किंवा करडी छटा, त्वचेचा ताण आणि हाताच्या मागच्या बाजूला लागणारी ऊब यांवर भरवसा ठेवा. दोन्ही गालांना आलटून पालटून हात लावला की ऊब कळते.

तोंडातले टाके एकदाच, टॉर्चच्या उजेडात बघा. ओठ ओढून खाली ताणू नका. हनुवटीच्या इम्प्लांटचा छेद खालच्या ओठाच्या आत असला तर ओठ ताणणं म्हणजे थेट टाक्यांवर ओढ देणं. दिवसातून दहादा तपासणारे लोक टाका सैल करून बसतात.

काय करायचं नाही, तेही सांगतो. सूज दाबून पू निघतो का बघायचं नाही. गरम शेक द्यायचा नाही. बधिर त्वचेवर बर्फ थेट ठेवायचा नाही, कारण त्वचा गोठून इजा होते आणि कळतसुद्धा नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, घरात उरलेलं अँटिबायोटिक स्वतःहून सुरू करायचं नाही. चुकीच्या औषधाचे दोन-तीन डोस पोटात गेले की इन्फेक्शन मरत नाही, पण कल्चरच्या (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीच्या) नमुन्यात जंतू मिळणं अवघड होतं, आणि मग डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावं लागतं. सूज उतरावी म्हणून उरलेलं स्टेरॉइड घेणं तर त्याहून वाईट.

डॉक्टरांना काय कळवायचं

‘डॉक्टर, सूज आहे’ एवढ्या मेसेजला ‘सूज असतेच, काळजी करू नका’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी असं काही लिहा:

‘हनुवटीचं सिलिकॉन इम्प्लांट, तोंडातून, आज नववा दिवस. सहाव्या दिवसापर्यंत सूज उतरत होती. काल संध्याकाळपासून उजवीकडे पुन्हा वाढली, ठणका आहे. आज सकाळी ९ वाजता गोळीच्या आधी ताप ३८.२. तोंडात घाण चव. टाक्यातून काही येताना दिसलं नाही. अँटिबायोटिक तिसऱ्या दिवशी संपलं. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नाही. चौथ्या, सहाव्या आणि आजच्या दिवसाचे फोटो जोडतोय. आज बघाल का?’

शेवटचा प्रश्न गाळू नका. फोटोवरून धीर देता येतो, इन्फेक्शन नाही असं ठरवता येत नाही. मधुमेह, रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, तंबाखू किंवा सिगारेट यांपैकी काही असेल तर तेही न लपवता सांगा. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जखम उपाशी राहते. सर्जन रागावतील म्हणून ही माहिती दडवणारे बरेच असतात, आणि नुकसान त्यांचंच होतं.

सर्जन दुसऱ्या शहरात किंवा परदेशात असतील, फोन उचलत नसतील, तर त्यांची वाट बघत दिवस घालवू नका. मॅक्सिलोफेशियल (जबडा आणि चेहऱ्याचे) सर्जन, प्लास्टिक सर्जन किंवा नाक-कान-घसा तज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात डिस्चार्जचे कागद घेऊन जा. ‘कॉस्मेटिक ऑपरेशन केलंय’ हे सांगायची लाज वाटून ते न सांगणाऱ्या माणसाच्या सुजेचा उपचार दाताचं गळू समजूनही होऊ शकतो.

फोन न करता थेट अपघात विभागात

श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होतोय, लाळ गिळता येत नाही, जिभेखालची जागा फुगून जीभ वर उचलली गेली आहे, आवाज घोगरा किंवा तोंडात काहीतरी असल्यासारखा येतोय: हनुवटी आणि जबड्याचं इन्फेक्शन मानेकडे उतरल्याची ही चिन्हं आहेत आणि श्वासनलिका काही तासांत बंद होऊ शकते. आडवं पडू नका, बसून राहा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

डोळ्याभोवती सूज येऊन धूसर दिसणं, एकाचे दोन दिसणं, डोळा हलवताना दुखणं किंवा डोळा पुढे आल्यासारखा वाटणं. जोराची डोकेदुखी, मान आखडणं, गोंधळल्यासारखं बोलणं. नाक आणि वरच्या ओठाभोवतीच्या शिरांचा मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरांशी संबंध असतो, म्हणून इथे ‘उद्या बघू’ चालत नाही. थंडी वाजून थडथड कापणं, नाडी फार जलद होणं, अंगात त्राण न राहणं याचा अर्थ इन्फेक्शन रक्तात पसरलं असू शकतं. त्वचा तासातासाला जांभळी-काळपट होत पसरत असेल, दिसतंय त्यापेक्षा दुखणं कितीतरी जास्त असेल किंवा हात लावल्यावर त्वचेखाली कुरकुरल्यासारखं लागत असेल, तर रात्री दोन वाजतासुद्धा निघा.

तपासणीत काय होईल

डॉक्टर बोटांनी चाचपून आत पातळ काही साचलंय का बघतात. सोनोग्राफीत साठा दिसतो आणि त्याच वेळी सुईने नमुना काढता येतो. इन्फेक्शन किती खोल आणि कुठवर गेलंय हे बघायला कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये भाग उठून दिसावा म्हणून शिरेतून दिलेलं औषध) देऊन सीटी स्कॅन करतात. रक्तात पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (शरीरात दाह असला की वाढणारं प्रथिन) तपासतात. सीआरपीचा एकच आकडा बघून घाबरू नका. शस्त्रक्रियेनंतर तो वाढतोच, दोन-तीन दिवसांत शिखर गाठतो आणि मग उतरतो. उतरायच्या काळात तो चढत असेल तर त्याला अर्थ आहे.

इथे एक प्रश्न तुम्ही स्वतः विचारा: ‘अँटिबायोटिक सुरू करण्याआधी कल्चर पाठवताय ना?’ तोंडातल्या जखमेवरून कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्यात तोंडातले नेहमीचे जंतूच जास्त येतात. इम्प्लांटजवळून सुईने काढलेला द्रव जास्त भरवशाचा. साध्या कल्चरचा निकाल दोन-तीन दिवसांत येतो, हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंना जास्त वेळ लागतो. आठवडे उलटूनही इन्फेक्शन धुमसत असेल आणि कल्चर दर वेळी निगेटिव्ह येत असेल, तर मायकोबॅक्टेरिया या सावकाश वाढणाऱ्या जंतूंसाठी वेगळं कल्चर सांगावं लागतं. त्याला काही आठवडे लागू शकतात. अर्थात रुग्णाची प्रकृती गंभीर असेल तर नमुन्यासाठी औषध अडवून ठेवत नाहीत.

उपचार: गोळ्यांपासून इम्प्लांट काढण्यापर्यंत

लवकर पकडलेलं, वरवरचं, पू न झालेलं इन्फेक्शन असेल तर अँटिबायोटिकवर भागू शकतं. कुठलं, किती दिवस हे डॉक्टर ठरवतील. तुम्ही ठरवून घ्यायची गोष्ट म्हणजे पुढची भेट: साधारण ४८ तासांत पुन्हा प्रत्यक्ष तपासणी. तेवढ्यात उतार दिसला नाही तर नुसतं थांबण्यात अर्थ नसतो. बरं वाटलं म्हणून कोर्स मध्येच सोडू नका. गोळ्यांच्या काळात पाण्यासारखे जुलाब लागले तर दुकानातून जुलाब थांबवणारी गोळी न घेता डॉक्टरांना कळवा, काही अँटिबायोटिकनंतर होणारा आतड्याचा आजार त्यामागे असू शकतो. अंगावर गांधी आणि जोडीला जीभ किंवा ओठ अचानक फुगले तर ती अ‍ॅलर्जी. तिला शस्त्रक्रियेची सूज समजून अंगावर काढू नका.

पू साचला असेल तर तो बाहेर काढावाच लागतो. जागा उघडून धुतात, गरज पडली तर ड्रेन, म्हणजे आतला स्राव बाहेर काढणारी बारीक नळी, ठेवतात. काही सर्जन निवडक रुग्णांत खोबण धुऊन, इम्प्लांट निर्जंतुक करून किंवा नवं बसवून वाचवण्याचा प्रयत्न करतात. तो यशस्वी होतोच असं नाही, आणि तसं आधीच स्पष्ट सांगणारा सर्जन मला जास्त विश्वासाचा वाटतो.

इम्प्लांटभोवती पू झाला असेल, इम्प्लांट उघडं पडलं असेल किंवा कोर्सनंतर सूज परत परत येत असेल, तर ते काढणं हाच खात्रीचा मार्ग. इथे बरेच रुग्ण अडतात. पैसे गेले, त्रास सोसला, चेहरा आवडू लागला होता. म्हणून आणखी एक कोर्स, मग आणखी एक. दरम्यान आतली ऊती आक्रसते, व्रण वाढतो, कधी हनुवटीखाली बारीक छिद्र पडून ते आळीपाळीने वाहतं आणि बुजतं. माझं स्पष्ट मत आहे की दुसरा कोर्स संपल्यावरही सूज परतली, तर पुढचा प्रश्न ‘काढायचं का’ असा न ठेवता ‘कधी काढायचं’ असाच असावा.

काढण्याची शस्त्रक्रिया सहसा जुन्याच छेदातून होते. सिलिकॉन असेल तर काम तुलनेने सोपं असतं. काढलेल्या इम्प्लांटचंही कल्चर करायला सांगा. परकी वस्तू गेली की शरीर आणि औषध दोघांचंही काम सोपं होतं, आणि उतार बहुधा लवकर दिसतो. चेहरा मात्र लगेच पहिल्यासारखा होत नाही. आधी सूज असते, मग ती जागा काही काळ सैल किंवा ओबडधोबड वाटते. हनुवटीचा स्नायू नीट वर बांधला नाही तर मऊ भाग खाली ओघळू शकतो, म्हणून काढण्याआधी ‘स्नायू पुन्हा बांधणार का’ हे विचारून ठेवा. नवं इम्प्लांट घालायचं तर साधारण तीन ते सहा महिने थांबतात. तोवर ऊती मऊ होते आणि इन्फेक्शन पूर्ण गेल्याची खात्री पटते. दुसऱ्या वेळी छेद तोंडाबाहेरून घ्यायचा का, इम्प्लांटऐवजी हाड पुढे सरकवण्याची शस्त्रक्रिया किंवा स्वतःची चरबी भरणं जमेल का, हे तेव्हा शांतपणे ठरवता येतं.

या काळातली रोजची निगा

टाके तोंडात असतील तर प्रत्येक खाण्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलकी चूळ भरा, जोरात खळखळवू नका. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश सांगितलं असेल तर ते आणि टूथपेस्ट यांच्यात अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर त्याचा असर कमी होतो. दातांवर तपकिरी डाग पडले तर ते नंतर साफ करता येतात. मऊ ब्रशने दात घासणं सुरू ठेवा, फक्त टाक्यांपासून लांब. डोकं उंच ठेवून झोपा. तंबाखू, सिगारेट, व्हेप बंद.

वर्षांनी येणारं इन्फेक्शन

इम्प्लांट पाच-सात वर्षं गुपचूप बसलंय आणि अचानक त्या जागी सूज, ठणका. अशा वेळी आधी दात बघा. हनुवटीच्या इम्प्लांटच्या मागे खालच्या पुढच्या दातांची मुळं असतात, गालाच्या इम्प्लांटजवळ वरच्या दाढा आणि सायनस. मुळाशी झालेलं गळू किंवा चिघळलेला सायनस जंतूंना इम्प्लांटपर्यंत वाट करून देऊ शकतो. दाताचा एक्स-रे न काढता फक्त इम्प्लांटवर उपचार केले तर मूळ तसंच राहतं. म्हणून दंतवैद्याच्या फॉर्मवर ‘पूर्वीच्या शस्त्रक्रिया’ या रकान्यात इम्प्लांटचा उल्लेख करा आणि ते कुठे आहे हे बोटाने दाखवा, म्हणजे भूल देताना सुई त्याच्यात जाणार नाही. त्या जागेजवळ फिलर (चेहरा भरण्यासाठी टोचायचा जेल) टोचणाऱ्यालाही हे आधी माहीत असायला हवं.